'ताबा' खोडणाऱ्या बाई

"अरे, फ्लॅटचा ताबा कधी मिळतोय?" ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतोच. ताबा मिळाला की पेढे, वास्तुशांत आणि मित्रांची पार्टी वेगळी. आता हे दुसरं वाक्य ऐका. "त्यांचा डिव्होर्स झाला ना, मुलाचा ताबा तिला मिळाला." शब्द तोच! टू-बीएचके असो नाहीतर पहिलीतलं पोर, आपण दोघांचाही 'ताबा'च घेतो. पोलीस चोराला घेतात, तेही ताब्यातच.

आपल्याला यात काही खटकत नाही, कारण कानाला सवय झालीय. इंग्रजीतला 'कस्टडी' हा शब्दही असाच. कैद्याची कस्टडी आणि मुलाची कस्टडी, एकाच मापात. पण इंग्लंडमध्ये कायदा शिकवणाऱ्या एका बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की आई-बाप आणि मूल यांच्यामध्ये हा शब्द नको. आणि त्यांनी तो कायद्यातून चक्क खोडला.

या बाईंचं नाव ब्रेंडा हेल. पुढे त्या ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या प्रमुख झाल्या, लेडी हेल म्हणून जगभर गाजल्या. पण मूळ पेशा विचाराल तर मास्तरकीचा. म्हणून या लेखात आपण त्यांना 'बाई'च म्हणू या. शाळेत म्हणायचो ना, तसं.

ब्रोचवाल्या बाई

तुम्ही त्यांना बहुतेक पाहिलंय. २४ सप्टेंबर २०१९ आठवतोय? ब्रेक्झिटच्या धुमश्चक्रीत पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी पार्लमेंट काही आठवडे बंद ठेवायचा घाट घातला होता. सुप्रीम कोर्टाच्या ११ जजेसनी एकमताने सांगितलं, हे बेकायदेशीर आहे. तो निकाल वाचून दाखवत होत्या पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या एक बाई. काळा ड्रेस, शांत आवाज आणि खांद्यापाशी एक भला मोठा चमचमता कोळी. टीव्हीवर लोक निकाल ऐकायचे सोडून ब्रोचकडेच बघत बसले! लगोलग कोळ्याचे टी-शर्टही बाजारात आले. बाईंनी स्वतः २०२१मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्याचंही नाव 'स्पायडर वुमन'.

पण गंमत अशी, की ज्या कामासाठी कायद्याचे अभ्यासक त्यांना मानतात, ते काम या कोळ्याच्या तीस वर्षं आधीचं आहे. त्यात ना टीव्ही होता, ना ब्रोच. होत्या त्या फायली, मीटिंगा आणि मसुद्यांवरची खाडाखोड. म्हणजे तुमच्या-आमच्या ऑफिससारखंच की!

हेडमास्तरांची लेक

जन्म १९४५चा, लीड्सचा. बालपण यॉर्कशायरमधल्या एका छोट्या गावात. वडील मुलांच्या शाळेचे हेडमास्तर. बाई १३ वर्षांच्या असताना वडील अचानक गेले. आई शिकलेली होती, शिक्षिकेचं प्रशिक्षण होतं, पण संसारात ते मागे पडलेलं. तिने पदर खोचला आणि गावच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका झाली. घर सावरलं. घर चालवण्याचा भार एका दिवसात कसा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो, हे बाईंनी पुस्तकात वाचण्याआधी घरात बघितलं होतं.

बाईंना खरं तर इतिहास शिकायचा होता. पण त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचं मत पडलं, की ही मुलगी काही इतिहासाची नव्हे. मग कायदा! केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या गेल्या तेव्हा कायद्याच्या वर्गात शंभरावर मुलगे आणि मुली मोजून सहा. १९६६मध्ये निकाल लागला, तेव्हा बाई पहिल्या.

आता अशी टॉपर थेट लंडनमध्ये मोठी प्रॅक्टिस टाकेल, असं वाटेल ना? बाई मँचेस्टर युनिव्हर्सिटीत शिकवायला गेल्या. १९६९मध्ये बॅरिस्टरची परीक्षा दिली, त्यातही पहिला नंबर. काही वर्षं शिकवणं आणि वकिली अशी दोन्हीकडे धावपळ केली आणि मग शिकवणंच निवडलं. १९६६ ते १९८४, तब्बल १८ वर्षं.

त्या काळात कौटुंबिक कायदा हा 'ग्लॅमर' नसलेला विषय. मोठे वकील कंपन्यांच्या आणि टॅक्सच्या केसेस लढवायचे. नवरा-बायकोची भांडणं आणि पोरांची रडारड कोण बघणार? बाईंनी नेमकं तेच हातात घेतलं. १९७७मध्ये त्यांचं 'पेरेंट्स अँड चिल्ड्रेन' हे पाठ्यपुस्तक आलं. १९८३मध्ये डेव्हिड पर्ल यांच्याबरोबर 'द फॅमिली, लॉ अँड सोसायटी' काढलं. या पुस्तकात कोर्टाच्या निकालांच्या शेजारी समाजाचा अभ्यास करणाऱ्यांचं संशोधन मांडलेलं. सांगायचं एवढंच, की कायदा वाचताना घरात प्रत्यक्ष काय चाललंय तेही बघा!

शब्द बदलला, म्हणजे काय बदललं?

१९८४मध्ये बाईंना बोलावणं आलं ते लॉ कमिशनचं. जुने कायदे तपासून नवे सुचवायचे, हे या सरकारी संस्थेचं काम. तिथल्या त्या पहिल्या महिला कमिशनर. वय ३९. त्यांच्याकडे आला कौटुंबिक कायदा. पाच वर्षांच्या खटपटीनंतर १९८९मध्ये 'चिल्ड्रेन अॅक्ट' पास झाला आणि ऑक्टोबर १९९१पासून लागू झाला. असा कायदा एकट्याने कोणी करत नाही. त्यात सरकारी खात्यांचे अधिकारी होते, खासदार होते. पण आजही या कायद्याचं नाव निघालं की पहिलं नाव बाईंचंच येतं.

या कायद्याच्या आधी काय व्हायचं? घटस्फोट झाला की एकाला मिळायची कस्टडी, दुसऱ्याच्या पदरात 'अॅक्सेस', म्हणजे ठरल्या वारी मुलाला भेटायची परवानगी. सरळ हिशेब. एक जिंकला, एक हरला. आणि ज्याला हरायची भीती, तो जिवाच्या आकांताने लढणार. मग वकिलांमार्फत चिखलफेक. ती दारू पिते, तो रात्री उशिरा येतो, तिची आई अशी, त्याचा भाऊ तसा. मूल मध्ये उभं, ट्रॉफीसारखं.

लॉ कमिशनने १९८८च्या अहवालात म्हटलं, की ही ट्रॉफीच काढून घ्या. कस्टडी नाही, अॅक्सेस नाही. आई-वडील दोघांकडेही 'पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी', म्हणजे पालकत्वाची जबाबदारी. आणि लग्न मोडलं म्हणून ती जबाबदारी संपत नाही! नवरा-बायकोचं नातं संपू शकतं, आई-बापाचं नाही. कोर्टाने ठरवायचं ते एवढंच, की मूल राहणार कुठे आणि कोणाला भेटणार. तेसुद्धा गरज असेल तरच. दोघं समजुतीने ठरवत असतील तर कोर्टाने उगाच नाक खुपसू नये, असंही कायद्यात लिहिलेलं आहे.

आणखी एक भारी गोष्ट. जजने निर्णय घेताना काय काय बघायचं, याची एक चेकलिस्टच या कायद्यात आहे. तुमच्या प्रोजेक्टच्या चेकलिस्टसारखी. तिच्यात पहिलाच मुद्दा कोणता? आईचा पगार नाही, बापाचं घर नाही. मुलाच्या इच्छा आणि भावना काय आहेत, त्याच्या वयाच्या आणि समजेच्या बेताने, ते बघा. आणि वर ताकीद, की उशीर करू नका, उशिराने मुलाचं नुकसान होतं. खरंच आहे. आपल्यासाठी एक वर्ष म्हणजे एक अप्रेझल. चार वर्षांच्या पोरासाठी ते पाव आयुष्य आहे.

या सगळ्याला एक काळी पार्श्वभूमीही होती. १९८७मध्ये इंग्लंडच्या ईशान्येला क्लीव्हलँड भागात लैंगिक अत्याचाराच्या संशयावरून काही महिन्यांत शंभरावर मुलं आई-वडिलांपासून वेगळी केली गेली. पुढे त्यातली बरीच घरी परत पाठवावी लागली. देशभर खळबळ उडाली. चौकशी झाली, तेव्हा अहवालात एक साधी गोष्ट सांगितली गेली, की मूल हे माणूस आहे, कोणाच्या काळजीची वस्तू नाही. नव्या कायद्यात सरकारी यंत्रणेलाही वेसण घातली गेली. मूल उचलून न्यायचं तर आधी ठोस कारण दाखवा आणि आई-वडिलांना बाजू मांडू द्या.

खुर्चीत बसल्यावर

१९९४मध्ये बाई हायकोर्टाच्या फॅमिली डिव्हिजनमध्ये जज झाल्या. आधी नामांकित वकील आणि मग जज, हा तिथला ठरलेला रस्ता. बाई शिकवण्याच्या आणि सरकारी कामाच्या वाटेने थेट हायकोर्टात पोहोचल्या. असं तोवर कोणी केलं नव्हतं. २००४मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावर पहिल्या महिला म्हणून गेल्या. आणि पुढची १३ वर्षं तिथे दुसरी बाई आलीच नाही!

खुर्ची मोठी झाली, पण बाईंची सवय सुटली नाही. केस कोणतीही असो, त्या विचारायच्या, यात मूल कुठे आहे?

२००५ची केस बघा. खासगी ख्रिश्चन शाळांतले काही पालक आणि शिक्षक कोर्टात गेले. शाळेत मुलांना मारायला बंदी आहे, पण सौम्य शारीरिक शिक्षा आमच्या श्रद्धेचा भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. एका बाजूला पालकांचे वकील, दुसऱ्या बाजूला सरकारचे. बाईंनी निकालात बोट ठेवलं, की हा सगळा मामला मुलांचा, आणि या कोर्टात किंवा खालच्या कोर्टांत मुलांच्या वतीने बोलणारं एकही माणूस नाही! पालक हरले. बंदी कायम राहिली.

२०११ची दुसरी केस. टांझानियाहून आलेली एक आई. तिने आश्रय मिळावा म्हणून खोट्या नावांनीही अर्ज केले होते. सरकार म्हणालं, हिला परत पाठवा. पण तिची मुलगी १२ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. दोघं ब्रिटिश नागरिक, तिथेच जन्मलेले, तिथल्याच शाळेत जाणारे. आईला हाकललं तर पोरांना बहुतेक तिच्याबरोबरच जावं लागणार. बाईंनी लिहिलं, की आईच्या चुकीची शिक्षा मुलांना देता येणार नाही. त्यांच्या हिताला आधी महत्त्व द्यायला हवं. आणि त्यांना काय वाटतं, हे विचारायला हवं. आई राहिली.

त्याच वर्षीची तिसरी केस तर आपल्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल. दोन मुलांना घेऊन एक बाई घर सोडून निघाली. नवरा मुलांसमोर आरडाओरडा करायचा, घरखर्चाला पैसे देत नव्हता. कौन्सिलकडे घर मागितलं, तर अधिकारी म्हणाले, "पण त्याने कधी मारलं तर नाही ना?" मग हिंसाचार कसला! सुप्रीम कोर्टाने, मुख्य निकाल बाईंचाच, सांगितलं की हिंसा फक्त हाताने होत नाही. धाक, अपमान, पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसाच. इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही. आपल्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळ आधीपासूनच स्पष्ट लिहिलेला आहे.

पुन्हा तोच पेपर, २८ वर्षांनी

बाईंचं सगळंच लगेच जमलं असं नाही, बरं का. १९९०मध्ये लॉ कमिशनने सुचवलं होतं, की घटस्फोटासाठी एकमेकांवर दोषारोप करायची सक्ती काढून टाका. आई-बाप कोर्टाच्या कागदांवर एकमेकांची लक्तरं काढतात आणि त्यानंतर त्याच दोघांनी मुलाच्या वाढदिवसाला एकत्र केक कापायचा? १९९६मध्ये कायदा पास झाला, पण त्यातला हा भाग कधी लागूच झाला नाही. पुढे तो रद्द करण्यात आला.

आणि २०१८मध्ये नियतीने बाईंचीच परीक्षा घेतली. ४० वर्षांच्या संसारानंतर एका बाईला घटस्फोट हवा होता, नवऱ्याला नको होता. जुन्या कायद्याप्रमाणे नवऱ्याचा दोष पुरेसा सिद्ध होईना. सुप्रीम कोर्टाच्या प्रमुखपदी आता बाई स्वतः. मनात काय असेल? पण बाईंनी नाइलाजाने सहकाऱ्यांबरोबर अपील फेटाळलं. ही केस आपल्याला अस्वस्थ करते, पण कायदा बदलणं हे जजचं काम नाही, पार्लमेंटचं आहे, असं त्यांनी निकालात नोंदवलं. त्या केसने मात्र सगळ्यांचे डोळे उघडले. २०२०मध्ये नवा कायदा झाला आणि ६ एप्रिल २०२२पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कोणावरही दोष न ठेवता घटस्फोट घेता येऊ लागला. जानेवारी २०२०मध्ये बाई रिटायर झाल्या होत्या. १९९०च्या पेपरचा रिझल्ट लागायला एवढी वर्षं लागली!

शब्दांचंही तसंच. कस्टडी जाऊन जे नवे शब्द आले, त्यांच्यावरूनही लोक भांडायला लागलेच. मूल राहणार माझ्याकडे, म्हणजे जिंकलो मी! म्हणून २०१४मध्ये तेही शब्द बदलून सरळ 'मुलाची व्यवस्था' असा अर्थ होईल असं नाव आदेशाला दिलं गेलं. शब्द बदलल्याने माणसं एका रात्रीत शहाणी होत नाहीत. पण निदान कायदा तरी भांडणाला खतपाणी घालत नाही.

२०२२मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने बाईंच्या कामावर अभ्यासकांचा एक जाडजूड ग्रंथ काढला. नाव 'जस्टिस फॉर एव्हरीवन'. पण त्यांचा खरा सत्कार तिथल्या फॅमिली कोर्टात रोजच होतो. जज समोर चेकलिस्ट घेतात आणि पहिला मुद्दा वाचतात, मुलाचं म्हणणं काय?

आणि आपल्याकडे?

वांद्रे-कुर्ला संकुलात काम करणाऱ्यांनी एकदा लंच अवरमध्ये मुंबईच्या फॅमिली कोर्टावरून चक्कर मारावी. चकाचक ऑफिसांच्या शेजारीच आहे. आपल्याच वयाची, गळ्यात कंपनीचं आयकार्ड अडकवलेली माणसं तिथे तारखेची वाट बघत बसलेली दिसतील.

आपला पालकत्वाचा मुख्य कायदा आहे १८९०चा. हो, अठराशे नव्वद! त्यातही मूल समजत्या वयाचं असेल तर कोर्ट त्याची पसंती विचारात घेऊ शकतं, अशी सोय आहे. १९५६च्या हिंदू कायद्यात मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं मानलंय, पण नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई. १९९९मध्ये गीता हरिहरन यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की 'त्यांच्यानंतर' म्हणजे वडील मेल्यावरच असं नव्हे. वडील लक्षच देत नसतील तरीही आई पालक असू शकते. २०१५मध्ये आपल्या लॉ कमिशनने २५७व्या अहवालात सुचवलं, की दोघांनी मिळून सांभाळायची सोय कायद्यातच करा. पण शब्द अजून तोच आहे. कस्टडी. ताबा.

आणि ऑनसाइटला यूकेत असलेल्या मंडळींसाठी एक टीप. तिथे दोघांकडे पालकत्वाची जबाबदारी असेल, तर दुसऱ्याच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेणं हा गुन्हा ठरू शकतो. "चिडून पोराला घेऊन पुण्याला निघून आले" हे आपल्याला माहेरपण वाटेल, तिथल्या कोर्टाला तसं वाटेलच असं नाही.

बाईंच्या वर्गातून घरी न्यायचे चार धडे

१. भांडण नवरा-बायकोचं असतं, आई-बाबांचं नाही. दोन्ही रोल एकाच मीटिंगमध्ये आणू नका.

२. मुलाला विचारा, पण निवडायला लावू नका. "तुला आई हवी की बाबा?" हा प्रश्न नाही, शिक्षा आहे. मुलाचं ऐकायचं, निर्णयाचं ओझं मात्र मोठ्यांनीच उचलायचं.

३. तारखांवर तारखा घेऊन समोरच्याला जेरीस आणता येतं. पण घड्याळ मुलाचं चालू असतं.

४. मित्र-मैत्रिणीचा डिव्होर्स होत असेल तर "ताबा कोणाकडे?" असं विचारू नका. "पोरगं कसं आहे?" असं विचारा.

हा चौथा धडा सगळ्यात सोपा. त्याला वकील नको, कायदा नको, पार्लमेंट नको. पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कोणाच्या घराचा विषय निघाला, तर फ्लॅटचा ताबा खुशाल विचारा, पेढेही मागा. मुलाची मात्र चौकशी करा.